निर्वात नळ्या, टर्बोचार्जरयुक्त एंजिनातील

मोटारगाडीच्या एंजिनाच्या अंतर्ग्रहण नळातील दाब संवेदकापर्यंत पोहोचविणाऱ्या बारीक नळ्या. थ्रॉटल झडप जवळजवळ मिटलेली असताना दट्ट्यांच्या चोषणामुळे पेट्रोल एंजिनाच्या या नळात अंशतः निर्वात निर्माण होतो. त्यावरून हे नाव पडले. टर्बोचार्जर कार्य करू लागला की, येथील दाब वातावरणीय दाबापेक्षा (समुद्रसपाटीला सु. १०१ किलोपास्काल) वाढतो. एंजिन भाराविना मंद गतीने चालताना निरपेक्ष दाब सु. ३० ते ४०, तर पूर्ण भाराखाली १५० ते २०० किलोपास्कालपर्यंत असू शकतो. म्हणून नळी चोषणाने चपटी न होणारी व दाबाने न निसटणारी असावी लागते.

दाबावरून इंधनाचे प्रमाण ठरविणारी बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक पद्धती १९६७ मध्ये फोक्सवॅगन गाड्यांत वापरात आली. पुढील पद्धतींत सिलिकॉन पटलाचा संवेदक आला. दाबाने पटल वाकते, त्याचा विद्युत् रोध बदलतो आणि त्या संकेतावरून नियंत्रक इंधन व ठिणगीची वेळ ठरवितो.

नळीची जोडणी थ्रॉटल झडपेच्या पुढे, सर्व सिलिंडरांना सामाईक असलेल्या कोठीवर करतात. झडपेच्या अलीकडे जोडल्यास निर्वात कळतच नाही. एकाच सिलिंडराच्या शाखेवर जोडल्यास दाबाच्या स्पंदांमुळे संकेत अस्थिर होतो. नळी स्वतंत्र असावी. ब्रेकसाहाय्यक किंवा दाबमोचक झडप यांच्याशी ती सामाईक ठेवल्यास त्यांच्या हालचालीने दाब क्षणभर बदलतो. नळी आखूड ठेवतात, कारण लांब नळीत दाबातील बदल उशिरा पोहोचतो. संवेदक जोडबिंदूपेक्षा उंच ठेवून नळीला सलग उतार देतात. त्यामुळे तेल व इंधनाचे थेंब साचत नाहीत. निष्कास नळ व टर्बाइन यांच्या उष्णतेपासून ती दूर नेतात आणि दोन्ही टोके पट्टीने आवळतात.

नळी निसटली, तर संवेदकाला वातावरणीय दाबच जाणवतो. मंद गतीत त्यामुळे इंधन जादा जाते व एंजिन धुरकट चालते. पूर्ण भाराखाली होणारा दोष अधिक घातक असतो : प्रत्यक्ष दाब १८० किलोपास्काल असताना इंधन १०० किलोपास्कालच्या हिशेबाने मिळते व ठिणगी वेळेपूर्वी पडते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटून ठोके बसतात आणि दट्ट्या तडकू वा वितळू शकतो. हा धोका टाळण्यासाठी अनेक आधुनिक एंजिनांत संवेदक थेट अंतर्ग्रहण नळावरच बसवितात.