फुटतुटीची भरपाई आणि विद्यापीठाची पदवी

परिचर्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आरंभीच एक सनावळी छापलेली असते. परीक्षेपुरती ती पाठ करावी आणि उत्तरपत्रिका दिली की विसरून जावी, एवढीच तिची योजना असावी. परंतु मला तिने गेली कित्येक वर्षे झपाटले असून, रद्दीच्या दुकानात असे एखादे पुस्तक हाती लागले की बाकीचा जाडजूड ऐवज बाजूस सारून मी प्रथम तीच दोन-तीन पाने उघडतो. १८९१ या सालासमोर तेथे काशीबाई गणपत हे नाव आढळते. मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यावयास आलेली ही पहिली हिंदी स्त्री. पुढे समित्यांची, कायद्यांची आणि महाविद्यालयांची साले ओळीने येतात, आणि त्यांतच कोठेतरी, एरवी कोणाचे लक्ष जाऊ नये अशा ठिकाणी, १९६३ या सालची नोंद असते: त्रिवेंद्रम येथे, प्रमाणपत्र घेऊन आधीच नोकरीत असलेल्या परिचारिकांसाठी दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आज ज्याला रुग्णालयातील मंडळी 'पोस्ट बेसिक' किंवा नुसते 'पीबी' म्हणतात, त्याचा आपल्या देशातील हा उगम.

नोकरीतील, संसारातील, वयाने वाढलेल्या स्त्रीस पुन्हा वर्गात बसविण्याची कल्पना महाराष्ट्राला १९६३ साली नवी नव्हती. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले तेव्हा त्यांच्यासमोर बसणाऱ्या विद्यार्थिनींत प्रौढ स्त्रिया पुष्कळच होत्या, आणि घरकाम आटोपल्यावर त्यांना येता यावे, अशा बेताने तेथील वर्ग भरत. स्वतः रमाबाईंचे शिक्षणही विवाहानंतर, सासरच्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसूनच झालेले होते. सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी धाडलेल्या मुलींत विधवांचा भरणा होता. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे काम कुलीन घरातील स्त्रीने करावे काय, हा त्या काळचा वाद वाचकांना ठाऊकच आहे, त्यामुळे तो येथे उगाळीत नाही. अण्णासाहेब कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ चे. त्या विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय मुंबईत निघाले ते १९६४ साली, म्हणजे अण्णासाहेब निवर्तल्यावर दोन वर्षांनी.

मधल्या काळात सरकारी दप्तराने काय केले? देशातील आरोग्यसेवेची पाहणी करण्यासाठी १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला, आणि त्यात तेव्हाच्या हिंदुस्थानात अवघ्या सात हजार परिचारिका असल्याचा, म्हणजे ४३,००० लोकसंख्येमागे एक असे प्रमाण पडत असल्याचा हिशेब मांडला. त्याच १९४६ साली दिल्लीस आणि वेल्लोरला परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. ही गोष्ट निःसंशय मोठी होती. परंतु तो अभ्यासक्रम नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्या मुलींसाठी होता, आणि ज्या सात हजारांच्या खांद्यावर देशाची रुग्णालये चालली होती त्यांना त्यात जागा नव्हती. परिणाम असा झाला की, बारा-पंधरा वर्षे वॉर्डात राबून नव्या डॉक्टरांचेही हात स्थिर करणारी सिस्टर कागदावर खालच्या पायरीची, आणि तिच्याचकडून शीर शोधावयास शिकलेली मुलगी वरच्या पायरीची, असा एक विपरीत शिरस्ता पडला. हा तिढा सोडवावयास १९६३ उजाडावे लागले, आणि तेव्हाही जो उपाय सापडला तो नोकरीतून दोन वर्षे मोकळी होऊ शकेल अशा परिचारिकेपुरताच होता. रजा मंजूर व्हावयाची, ती बिनपगारी की सपगारी हे ठरावयाचे, परत येऊन इतकी वर्षे सेवा करीन असे बंधपत्र लिहून द्यावयाचे, आणि या साऱ्यात ज्येष्ठता यादीतील आपली जागा सांभाळावयाची: अभ्यास त्यानंतरचा.

पुढची काही दशके मी भरभर ओलांडतो, कारण त्यांत महाविद्यालये वाढली यापलीकडे फारसे काही नाही. थांबावयाचे ते १९८७ पाशी. त्या वर्षी केंद्र सरकारने परिचर्या व्यवसायाच्या स्थितीचा विचार करण्यासाठी एक उच्चाधिकार समिती नेमली. तिच्या पहिल्या अध्यक्षा एसएनडीटी, म्हणजे कर्व्यांच्याच महिला विद्यापीठाच्या माजी कुलगुरू होत्या. नंतर अध्यक्षपद सरोजिनी वरदप्पन यांच्याकडे गेले आणि समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या माजी अध्यक्षा आणि मद्रासचे मुख्यमंत्री भक्तवत्सलम यांच्या कन्या, एवढा परिचय पुरे. या समितीच्या शिफारशी मी प्रथम वाचल्या तेव्हा सरकारी अहवाल वाचताना सहसा जे होत नाही ते झाले. मी एकाच बैठकीत शेवटपर्यंत गेलो.

समितीचे म्हणणे असे की, देशात परिचर्येचे दोनच स्तर असावेत: एक विद्यापीठाची चार वर्षांची पदवी घेतलेली व्यावसायिक परिचारिका, आणि दुसरी व्यवसाय-शिक्षण घेतलेली साहाय्यक परिचारिका. ज्या मधल्या पदविकेवर, म्हणजे जीएनएमवर, सारा डोलारा उभा होता तिला टप्प्याटप्प्याने निरोप द्यावा, आणि तोवर जुन्या पदविकाधारकांना वर चढावयास वाट असावी म्हणून नोकरीतील परिचारिकांचा पदवी अभ्यासक्रम चालू ठेवावा. येथवर सारे उदात्त आहे. परंतु त्याच शिफारशींत, कामाच्या परिस्थितीविषयीच्या भागात, सलग पाळी असावी, आठवड्यास एक सुटी असावी, जादा तासांचा मोबदला रजेच्या किंवा पैशाच्या रूपाने मिळावा, अशा मागण्यांच्या ओळीत आणखी एक कलम येते: वस्तूंच्या फुटतुटीची आणि गहाळ होण्याची भरपाई परिचारिकांकडून वसूल करू नये.

या कलमाचा अर्थ मला एका निवृत्त परिसेविकेने सांगितला. काचेच्या सिरिंजच्या जमान्यात वॉर्डातील कपाटाची किल्ली आणि वस्तूंची वही परिसेविकेच्या ताब्यात असे. सिरिंज फुटली की तिचे तुकडे कागदाच्या पुडीत बांधून, वर तारीख घालून जपून ठेवावयाचे, कारण तुकडे दाखविल्याखेरीज भांडारातून बदली वस्तू मिळत नसे. चादर रोग्याच्या नातलगाने नेली तर दाखवावयास तुकडेही नसत. दर पाळीला ओव्हर देताना रोग्यांच्या आधी वस्तू मोजल्या जात. "पेशंट गेला तर रिपोर्ट लिहायचा, थर्मामीटर गेला तर पैसे भरायचे," असे त्या बाई कसलाही आवेश न आणता म्हणाल्या.

आता या दोन शिफारशी शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या स्त्रीकडून चादरीचे पैसे वसूल करावेत की नाही याचा निर्णय करावयास उच्चाधिकार समिती लागते, तिने विद्यापीठाची पदवीधर व्हावे असे तीच समिती म्हणते, आणि मला वाटते की यात विसंगती मुळीच नाही. पदवीची मागणी ही ज्ञानाची मागणी होतीच. पण तिच्या तळाशी प्रतिष्ठेची, म्हणजे भांडारपालाच्या वहीतून सुटण्याची मागणी होती. हे ज्यांना दिसत नाही ते "अनुभव असताना कागद कशाला?" असा प्रश्न मोठ्या शहाणपणाने विचारतात, आणि स्वतःच्या मुलांना मात्र कागद मिळवावयास देशोदेशी धाडतात.

समितीचा मोठा संकल्प सिद्धीस गेला नाही. पदविका आजही चालू आहे, २०२३ साली परिचर्या व प्रसूतिसेवा यांच्यासाठी नवा राष्ट्रीय आयोग कायद्याने आला तरीही चालू आहे. त्यामुळे नोकरीतील परिचारिकांच्या पदवीचा तूर्तातूर्त बांधलेला हा पूल कायमचा रस्ता झाला. त्याला एक फाटा फुटला तो मात्र महत्त्वाचा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ साली हाच अभ्यासक्रम सेवेतील परिचारिकांसाठी दूरशिक्षणाने सुरू केला. मुदत किमान तीन वर्षांची. छापील पुस्तिका घरी येत, आणि प्रात्यक्षिकांसाठी ठरलेल्या महाविद्यालयात हजेरी लावावी लागे. नोकरी न सोडता शिकण्याची ही सोय म्हणजे रमाबाईंच्या दुपारच्या वर्गाचाच सरकारी अवतार, असे मी म्हणतो, आणि त्याला इतिहासकारांची हरकत असल्यास ती मला मान्य आहे.

दोन वर्षांच्या नियमित अभ्यासक्रमाचा आराखडाही वाचण्याजोगा आहे. पहिल्या वर्षी परिचर्येची मूलतत्त्वे, आहारशास्त्र, जीवरसायन व जीवभौतिकी, मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मातृ-परिचर्या, बाल-परिचर्या, वैद्यकीय व शल्य परिचर्या आणि इंग्रजी. शेकडो बाळंतपणे हातावेगळी केलेल्या बाईला मातृ-परिचर्या पुन्हा पहिल्यापासून शिकविताना अध्यापिकेचीच पंचाईत होत असणार, अशी माझी समजूत होती, आणि एका अध्यापिकेने ती हसत कबूल केली. खरे नवे जग दुसऱ्या वर्षी उघडते: समाजशास्त्र, सामाजिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य परिचर्या यांच्या जोडीला परिचर्या-शिक्षण, परिचर्या-प्रशासन, आणि संशोधन व संख्याशास्त्र. माझ्या परिचयाची एक अधिपरिचारिका दूरशिक्षणाने शिकत असताना रात्रपाळीत मध्यरात्रीची इंजेक्शने आटोपून, सकाळच्या टीपीआरपर्यंत, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास मोजण्याच्या वेळेपर्यंत, मधूनमधून जे निवांत क्षण मिळत त्यांत प्रमाण विचलनाची उदाहरणे सोडवीत असे, आणि कच्चे काम जुन्या तापतक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर करीत असे. नंतर तिच्या ध्यानात आले की, पाठीवर आकडेमोड करण्यापेक्षा पुढच्या बाजूवरचीच आकडेमोड करावी. शस्त्रक्रियेनंतर कोणत्या दिवशी ताप चढतो, हे तिने तिच्या वॉर्डापुरते मोजले, आणि तोच तिचा प्रकल्प झाला.

पदवीने रोग्याला काय लाभ, या प्रश्नावर अमेरिकेत एक दीर्घ भांडण झाले आहे. तेथील परिचारिका संघटनेने १९६५ साली जाहीर केले की, व्यावसायिक परिचारिकेची किमान पात्रता ही पदवी असावी. आणि रुग्णालयांच्या शाळांतून शिकलेल्या बहुसंख्य परिचारिकांना तो आपला अपमान वाटला. नॉर्थ डकोटा राज्याने १९८७ पासून ही अट घातली आणि २००३ साली काढून टाकली. गंमत अशी की, त्याच २००३ साली लिंडा एकेन यांच्या गटाचा पेन्सिल्वेनियातील १६८ रुग्णालयांचा आणि शस्त्रक्रिया झालेल्या २,३२,३४२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: परिचारिकांतील पदवीधरांचे प्रमाण शेकडा दहाने वाढले की, तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता शेकडा पाचने घटलेली आढळली. न्यूयॉर्क राज्याने २०१७ च्या डिसेंबरात कायदा करून नव्या परिचारिकांना दहा वर्षांच्या आत पदवी मिळविण्यास सांगितले; जुन्यांना हात लावला नाही.

मात्र एकेन यांनी मोजलेल्या पदवीधर परिचारिका रोग्याच्या खाटेपाशी काम करीत होत्या, आणि आपल्याकडे गाडी येथेच अडते. नोकरी सांभाळून पदवी घेतलेली परिचारिका भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार परिचर्या विद्यालयात शिकविण्यास पात्र होते, विद्यालयांत जागा रिकाम्या असतात, आणि वॉर्डातील हुद्द्यावर राहून त्या पदवीचे चीज होण्याची वाट अरुंद असते. साहजिकच वॉर्डातील उत्तम बाई वॉर्डातून उचलली जाते. तापतक्ते मोजणाऱ्या त्या अधिपरिचारिकेची तैनाती पाठ्यनिर्देशिका म्हणून झाली. तिने वॉर्डात परत पाठवावे असा अर्ज केला, सोबत आपल्या प्रकल्पाची प्रत जोडली. उत्तर तीन ओळींचे आले: परिषदेची तपासणी जवळ आली असल्याने पदवीधारक कर्मचाऱ्यास विद्यालयातून मोकळे करता येत नाही, आणि जोडलेली प्रत परत पाठविण्यात येत आहे.