'अब्बा' म्हटले म्हणून काय बिघडले?

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन झाले. पाथरीसारख्या तालुक्याच्या गावात संमेलन म्हणजे घरोघरचा कार्यक्रम. आई-वडील, दादी-नानी, गल्लीतली लहान पोरे, सगळे मंडपात हजर. आठवीच्या मुलांनी एका शेतकरी कुटुंबावरची नाटिका बसवली होती. तिच्यात लेकीचे काम करणारी विद्यार्थिनी चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, पाचवीपासून आमच्याकडे मराठीत. पंधरा दिवस तालीम झाली, तिचा एक शब्द चुकला नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र नाटकातले वडील बाजारातून परत आले आणि "बाबा, कापसाला भाव मिळाला का?" या वाक्यातल्या 'बाबा'ऐवजी तिच्या तोंडून 'अब्बा' निघाले. मागच्या रांगेतली पोरे हसली, मग सगळा मंडप हसला. ती गप्प झाली. पुढचे वाक्य काही केल्या येईना. शेवटी पडदा ओढावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून तिने वर्गात मोठ्याने वाचणेही सोडले. तिच्या अम्मीला भेटलो तर त्या म्हणाल्या, "सब लोगां हसे. अब स्टेज-बिज नक्को."

त्या हसण्यात आमचाही दोष होता. समोर बसलेल्या आम्हा शिक्षकांपैकी काहीजण हसले होते. आता तिला समजवायचे कसे, याचा विचार करताना आम्हाला एक परदेशी मालिका आठवली. वाचकहो, ही गोष्ट थोडी लांबून सांगावी लागेल.

आपल्याकडे मालिकेचे हजार भाग झाले की सेटवर केक कापतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो पेपरात येतो. 'चार दिवस सासूचे' ही मराठी मालिका 2001 साली सुरू झाली आणि तीन हजारांहून अधिक भाग चालली. सुरू झाली तेव्हा पाळण्यात असलेले मूल ती संपेपर्यंत सातवी-आठवीपर्यंत पोचले असेल. पण तिथेही रोजचा भाग आधी चित्रित होतो, कापला-जोडला जातो आणि मग आपल्या घरी येतो. वाक्य चुकले तर पुन्हा घ्यायचे. आपल्याला दिसते ते फक्त बरोबर आलेले.

इंग्लंडमध्ये काही मालिकांनी वर्धापनदिन साजरा करण्याची वेगळी रीत पाडली. त्या दिवशीचा भाग थेट दाखवायचा. कलाकार तिकडे बोलत आहेत, त्याच घटकेला लोक घरात बघत आहेत. पुसायला रबर नाही. एरवी शेवटचा प्रसंग आधी आणि पहिला नंतर असे चित्रण चालते, पण थेट भागात सगळे क्रमानेच करावे लागते. एक प्रसंग संपला की कलाकार पळत दुसऱ्या घराच्या सेटवर जातात. कुठल्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवायचे, हे दिग्दर्शक त्याच क्षणी ठरवतो. म्हणजे नाटकासारखीच तालीम, फक्त प्रेक्षक लाखोंनी.

यातली सर्वांत जुनी मालिका 'कोरोनेशन स्ट्रीट'. मँचेस्टरच्या ग्रॅनाडा कंपनीने 9 डिसेंबर 1960 रोजी तिचा पहिला भाग दाखवला, तोही थेट. लेखक टोनी वॉरन तेव्हा अवघे 24 वर्षांचे होते. कामगारांच्या एका गल्लीतली ही गोष्ट, आणि पात्रे बोलत होती ती त्या भागातली घरगुती बोली. पहिल्याच भागात केन बार्लो नावाचा, विद्यापीठात शिकणारा मुलगा आहे. जेवणाच्या टेबलावरची सॉसची बाटली, घरच्यांच्या खाण्या-बोलण्याच्या पद्धती यांची त्याला लाज वाटते. बापाच्या ते लक्षात येते आणि दोघांत खटका उडतो. शिकलेल्या मुलाला स्वतःच्या घराची लाज वाटणे आपल्याला काही नवे नाही. मित्र घरी येणार म्हटले की दादीने त्यांच्यासमोर बोलू नये असे वाटणारी मुले आपल्याही घरांत आहेत.

त्या केनचे काम करणारे विल्यम रोच पुढे साठ वर्षांहून अधिक काळ तीच भूमिका करत राहिले. मालिकेला 40 वर्षे झाली तेव्हा, 8 डिसेंबर 2000 रोजी, तासाभराचा थेट भाग झाला. विषय काय होता? गल्लीतले जुने दगड उखडून डांबर टाकायचे नगरपालिकेने ठरवलेले असते आणि रहिवासी ते अडवतात. 50 वर्षे झाली तेव्हा, 9 डिसेंबर 2010 रोजी, पुन्हा थेट भाग झाला. या वेळी पुलावरून गल्लीत ट्राम कोसळल्यानंतरचा हाहाकार होता.

दुसरी मालिका बीबीसीची 'ईस्टएंडर्स'. ती 19 फेब्रुवारी 1985 रोजी सुरू झाली. लंडनच्या पूर्व भागातला एक चौक आणि तिथली कुटुंबे ही तिची दुनिया. त्या चौकात पुढे मसूद नावाचे मुस्लिम कुटुंबही राहायला आले. त्यातल्या झैनबचे काम करणाऱ्या नीना वाडिया यांचा जन्म मुंबईचा. या मालिकेला 25 वर्षे झाली तेव्हाच्या थेट भागात एका खुनाचे रहस्य उघड होणार होते. खुनी म्हणून जिचे पात्र ठरले होते, त्या लेसी टर्नर यांना ते कळले भाग सुरू होण्याच्या सुमारे अर्धा तास आधी! दीड कोटीहून अधिक लोकांनी तो भाग पाहिला. 40 वर्षे झाल्यावर, 2025 च्या फेब्रुवारीत, पुन्हा थेट भाग झाला आणि एका पात्राने कोणाची निवड करावी, हे प्रेक्षकांच्या मतांवर सोडले गेले.

आमच्या कामाची गोष्ट मात्र 2015 ची आहे. मालिकेच्या तिसाव्या वाढदिवसाच्या आठवड्यात रोजच्या भागांमध्ये काही प्रसंग थेट घातले होते. अशाच एका प्रसंगात जो जॉयनर या अभिनेत्रीला 'इयन कसा आहे?' अशा अर्थाचे काही विचारायचे होते. इयन हे पात्राचे नाव. तिच्या तोंडून निघाले 'अ‍ॅडम'. अ‍ॅडम वुडयट हे इयनचे काम करणाऱ्या नटाचे खरे नाव. लाखो लोकांनी ते ऐकले. लोक हसले, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतही आले. पण प्रसंग थांबला नाही. पुढचे वाक्य आले, त्याच्या पुढचेही आले, आणि गोष्ट पूर्ण झाली.

हे सगळे आम्ही त्या मुलीला मधल्या सुट्टीत सांगितले. तिने निमूटपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "मग त्या बाईला पुन्हा काम मिळालं का?"

मिळाले. दोनच वर्षांनी, 2017 मध्ये, 'अ‍ॅकली ब्रिज' नावाची मालिका आली. गोऱ्या मुलांची आणि पाकिस्तानी घरांतल्या मुलांची वेगवेगळी शाळा एकत्र होते, ही तिची गोष्ट. त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचे काम जो जॉयनर यांनीच केले. हे ऐकून मुलगी पहिल्यांदा हसली.

मग आम्ही तिला सांगितले, की तू चुकीचा शब्द बोललीच नव्हतीस. रंगमंचावर बाप थकून आलेला दिसला आणि तू घरी रोज म्हणतेस तेच तुझ्या तोंडी आले. याचा अर्थ तू पाठ केलेले बोलत नव्हतीस, तुला तो खरोखर बाप वाटला होता. चुकले ते एवढेच, की पुढचे वाक्य राहिले.

पालकांनाही आमचे एवढेच सांगणे आहे. आपली मुले घरी एक बोली बोलतात, शाळेत दुसरी, आणि मोबाइलवर तिसरी ऐकतात. कधीतरी एक दुसरीत मिसळणारच. मुशायऱ्यात शायर मिसरा विसरला तर ऐकणारे तो उचलून देतात, त्याला खाली बसवत नाहीत. मूल अडखळले तर आपणही तेच करावे. हसू आले तरी पुढचा शब्द हळूच सुचवावा, आणि घरी गेल्यावर 'अब नक्को' म्हणू नये. एकदा गप्प बसलेले मूल पुन्हा बोलते करायला फार दिवस लागतात.

26 जानेवारीच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन कोण करणार, असे वर्गात विचारले तेव्हा तीन हात वर आले. तिसरा तिचा होता, अर्धवट वर केलेला. झेंडावंदनानंतर ती माइकसमोर उभी राहिली. 'प्रजासत्ताक' या शब्दावर जीभ अडली. मैदानात दोन-चार जण खुदकन हसले. ती थांबली, तो शब्द पुन्हा नीट उच्चारला आणि पाहुण्यांचे नाव वाचायला लागली. मागे बायकांच्या रांगेत तिची अम्मी उभी होती.