हॉट सीटसमोरची दुसरी खुर्ची

कर्नाटकाच्या सीमेवरच्या जोयडा तालुक्यातल्या एका वाडीत गेल्या गणपतीत प्रश्नमंजूषा झाली. बझर कुठून आणणार? पहिल्या संघाला सायकलची घंटा दिली, दुसऱ्याला स्टीलचं ताट आणि डाव, तिसऱ्याला दोन करवंट्या. सूत्रसंचालनाला नववीतली एक मुलगी उभी होती. वहीची पानं कापून तिनं चौकोन केले होते आणि एकेका चौकोनावर एकेक प्रश्न लिहिला होता. प्रश्न आधी मराठीत वाचायची, कारण पुढच्या सतरंजीवर भजनी मंडळातली आजीमंडळी बसलेली. मग तोच कन्नडमध्ये, कारण पोरं कन्नड शाळेतली. एखादा अडखळला की माइक बाजूला धरून हळूच कोकणीत म्हणायची, "सांग रे, येता तुका." आणि खरंच त्याला यायचं!

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विचार आहे. ही पोर टीव्हीवर शोभेल. पण टीव्हीवरच्या खेळांचं सूत्रसंचालन करणारी माणसं तिथवर पोचतात कशी? कुणाचा कुठला गाव, कुणाचा पहिला धंदा कोणता? शोधायला बसलो आणि इतका खजिना हाती लागला की तो वाटल्याशिवाय राहवत नाही.

आधी शब्दाचीच गंमत

मराठीत आपण 'सूत्रसंचालक' म्हणतो. ते सूत्र नाटकातल्या सूत्रधाराच्या हातातलंच. कन्नड वाहिन्यांवर मात्र याच माणसाला 'निरूपक' म्हणतात, बाई असेल तर 'निरूपकी'. निरूपण म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कीर्तन! पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. एकट्या माणसानं उभं राहून दोन-तीन तास मंडप धरून ठेवायचा, मागच्या रांगेत कुणी डुलकी घेतली तर तेही हेरायचं. म्हणजे सीमेवरच्या पोरांना निरूपण हा शब्द देवळात मराठीतून भेटतो आणि घरच्या टीव्हीवर कन्नडमधून. एकाच कामाचं हे दोन टोकांचं शिक्षण आहे, असं मला मनापासून वाटतं.

'भावोजी' या एका शब्दाची ताकद

आदेश बांदेकर दूरदर्शनवरच्या 'ताक धिना धिन' या गाण्यांच्या खेळातून घराघरात गेले. मग २००४ मध्ये झी मराठीवर 'होम मिनिस्टर' आलं. खेळ किती साधे! फुगे फुगवा, पेल्यांचा मनोरा रचा. बक्षीस पैठणी. तरी कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. माझ्या मते त्याचं अर्धं श्रेय एका नात्याच्या शब्दाला आहे. समोरची बाई 'वहिनी' आणि हे 'भावोजी'. 'मॅडम' म्हटलं असतं तर ती पदर सावरून गप्प बसली असती. दीर आलाय म्हटल्यावर ती नवऱ्याच्या खोड्या सांगते, सासूसमोर उखाणा घेते, हसता हसता डोळे पुसते. २०२२ मध्ये याच कार्यक्रमाच्या 'महामिनिस्टर' पर्वात बक्षिसाची पैठणी ११ लाखांची होती. पण बायकांनी मनं मोकळी केली ती त्या भावोजीपुढं.

करोडपतीचे यजमान

मूळ खेळ ब्रिटनचा. सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झाला तेव्हा यजमान होते ख्रिस टॅरंट. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' घेऊन अमिताभ बच्चन आले आणि रात्री नऊ वाजता रस्ते ओस पडू लागले. त्याच वर्षी एक कोटी जिंकणारा पहिला माणूस मुंबईचा मराठी तरुण होता, हर्षवर्धन नवाथे. पडद्यामागे होते सिद्धार्थ बसू. १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' घेणारे हे क्विझमास्टर पुढे निर्माते झाले आणि दुसऱ्यांना यजमानाच्या खुर्चीत बसवू लागले.

मराठीत ती खुर्ची २०१३ मध्ये सचिन खेडेकरांकडे आली. २०१९ मध्ये सोनी मराठीवर 'कोण होणार करोडपती'साठी बसले नागराज मंजुळे. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं जेऊर हे त्यांचं गाव. कवी, 'फँड्री'चे आणि 'सैराट'चे दिग्दर्शक. मंजुळ्यांचं बोलणं आठवा: खालच्या पट्टीतलं, सावकाश, गावच्या कट्ट्यावर बसल्यासारखं. शहरी चकचकीत बोलता आलं नाही तर टीव्हीवर जागा नाही, ही भीती त्या एका पर्वानं खूप पोरांच्या मनातून काढली असणार.

कन्नडमध्ये हाच खेळ २०१२ मध्ये पुनीत राजकुमार घेऊन आले. इथं एक योगायोग बघा. पुनीत लहानपणी 'बेट्टद हूवू' या १९८५ च्या चित्रपटात होते. कुवेंपूंचं 'श्री रामायण दर्शनम्' विकत घेता यावं म्हणून पै-पै साठवणारा गरीब मुलगा त्यांनी रंगवला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. पुस्तकासाठी तळमळणारं ते पडद्यावरचं पोर मोठेपणी लोकांच्या ज्ञानाला पैसे वाटायला बसलं! पुनीत २९ ऑक्टोबर २०२१ ला गेले तेव्हा सारा कर्नाटक हळहळला.

आडगावातून आलेले बाहेरचे काही

अमेरिकेतल्या 'द प्राइस इज राइट'चे बॉब बार्कर. १९७२ ते २००७, तब्बल ३५ वर्षं एकच खेळ. त्यांचं बालपण गेलं साउथ डाकोटातल्या रोझबड इथं, आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या मुलखात. आई तिथल्या शाळेत शिक्षिका. पुढे ते रेडिओवर बोलू लागले. १९५६ मध्ये राल्फ एडवर्ड्स नावाच्या निर्मात्याला आपल्या खेळासाठी नवा यजमान हवा होता. गाडीतल्या रेडिओवर बार्करांचा आवाज कानावर पडला आणि त्यानं त्यांना बोलावून घेतलं. चेहरा नंतर, आधी आवाज.

अमेरिकेतल्याच 'जेपर्डी!' या प्रश्नमंजूषेचे अॅलेक्स ट्रेबेक कॅनडातल्या सडबरी या खाणींच्या गावचे. वडील युक्रेनहून आलेले, हॉटेलात आचारी. आई फ्रेंच बोलणारी. घरात दोन भाषा नांदत होत्या. शिकले तत्त्वज्ञान, कामाला लागले कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेत बातम्या द्यायला. २०१४ मध्ये त्यांचे ६,८२९ भाग पूर्ण झाले आणि गिनीज बुकात विक्रम लागला. परक्या भाषेतलं नाव जिभेवर नीट बसावं म्हणून ते प्रश्नांच्या कागदावर उच्चाराच्या खुणा करून ठेवत. आपल्या वाडीतली मुलगी चौकोनांवर कन्नड शब्द देवनागरीत लिहून घेते, तेव्हा ती नेमकं तेच करत असते.

पॅट सेजॅक यांचा किस्सा तर सांगायलाच हवा. 'व्हील ऑफ फॉर्च्यून'चं चाक ४० वर्षांहून जास्त काळ सांभाळणारा हा माणूस त्याआधी टीव्हीवर हवामान सांगायचा, आणि त्याच्याही आधी व्हिएतनाममध्ये सैनिकांच्या रेडिओवर गाणी लावायचा. १९६९ च्या नाताळात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं भाषण चालू होतं. संपलं असं समजून सेजॅकनी गाणं लावलं, आणि भाषण तर अजून चालूच होतं! चूक झाली म्हणून माणूस संपत नाही, हे माइक हातात घेणाऱ्या प्रत्येक पोराला सांगावं.

आणि केन जेनिंग्ज? २००४ मध्ये 'जेपर्डी!'त सलग ७४ खेळ जिंकलेला स्पर्धक. ट्रेबेक गेल्यावर आज तोच त्या मंचावर यजमान आहे. स्पर्धकाच्या जागेवरून यजमानाच्या जागी, असाही रस्ता असतो तर.

कॅमेऱ्यामागं काय चालतं

घरी बसून वाटतं, रोज संध्याकाळी खेळ होतो आणि आपण बघतो. तसं नसतं. 'जेपर्डी!'चे एका दिवसात पाच भाग चित्रित होतात, 'व्हील'चे सहा. मध्ये सगळे कपडे बदलून येतात आणि 'उद्या' सुरू होतो. आपल्याकडेही भागांची 'बँक' करून ठेवतात. पहिल्या भागातला उत्साह पाचव्यातही दिसला पाहिजे, म्हणून या कामाला आवाजाइतकाच पायांचा दम लागतो.

यजमानाच्या कानात बारीकसा इयरफोन असतो. समोरचा स्पर्धक आईच्या आजारपणाबद्दल सांगतोय, आणि त्याच वेळी कानात नियंत्रण कक्षातून आवाज येतोय की तीस सेकंद उरले, ब्रेक घ्या. चेहऱ्यावर त्याची रेघही उमटू द्यायची नाही. मला तर हीच या धंद्यातली सगळ्यात अवघड कला वाटते. सराव घरी करता येतो: एका कानाला रेडिओ लावा आणि आजीशी गप्पा मारा. आजीला कळता कामा नये.

'जेपर्डी!'त बझरचंही शास्त्र आहे. यजमानाचा प्रश्न वाचून पुरा झाल्याशिवाय बझर चालू होत नाही. आधी दाबलं तर क्षणभर अडकायला होतं. म्हणजे शेवटचं अक्षर स्पष्ट उच्चारणं ही स्पर्धकाशी न्यायाची गोष्ट झाली.

करोडपतीत धडधड कशानं वाढते? संगीतानं. बक्षिसाची रक्कम चढते तसा मागच्या संगीताचा सूर अर्ध्या-अर्ध्या स्वरानं वर सरकतो. पेटीवर पांढरी एकवरून काळी एकवर गेल्यासारखा. कानाला कळत नाही, छातीला कळतं.

एक काळी गोष्ट

१९५६ साली अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' नावाचा खेळ लोकप्रिय झाला. कोलंबिया विद्यापीठातला देखणा अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. कपाळावरचा घाम टिपत, विचार करत. सगळं ठरलेलं होतं. उत्तरं त्याला आधीच दिलेली असत. त्याच्याकडून हरायला सांगितलेल्या हर्ब स्टेम्पेलला विचारलं, १९५५ च्या सर्वोत्तम चित्रपटाचा ऑस्कर कुणाला? उत्तर 'मार्टी'. तो स्टेम्पेलचा अत्यंत आवडता चित्रपट, आणि त्यालाच मुद्दाम चुकीचं उत्तर द्यावं लागलं. १९५९ मध्ये व्हॅन डोरेननं अमेरिकी संसदेच्या समितीपुढं कबुली दिली आणि १९६० मध्ये असे खेळ ठरवून खेळणं हा गुन्हा झाला. गणपतीच्या मंडपातही मंडळाच्या अध्यक्षाचा पुतण्या संघात असतो. त्याला प्रश्न आधी कळू न देणं, इथूनच यजमानाची पत सुरू होते.

जोयड्यातून वाट कशी?

जोयडा म्हणजे उत्तर कन्नडातला सर्वात मोठा तालुका, आणि २०११ च्या जनगणनेत माणसं सुमारे ५२ हजार. बाकी जंगल, वाघ आणि काळी नदी. जुनं सुपा गाव १०१ मीटर उंचीच्या धरणामागं पाण्यात गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. इथं स्टुडिओ नाही. पण कारवार, धारवाड आणि पणजी, तिन्हीकडं आकाशवाणी केंद्रं आहेत. ती वेळोवेळी नैमित्तिक निवेदकांसाठी जाहिरात काढतात, परीक्षा आणि आवाजाची चाचणी घेतात. बार्कर आणि सेजॅक दोघंही रेडिओतूनच पुढं आले. दोन-तीन भाषा शुद्ध बोलणाऱ्या मुलीसाठी मला हीच वाट सरळ दिसते. तोवर शाळेचं गॅदरिंग आहे, शिगमा आहे, जोयड्याला कुणबी बांधवांचा कंदांचा मेळा भरतो तिथं सुरण-कणगांच्या राशींमध्ये माइक आहे. मोबाइलवर दोन मिनिटांचं स्वतःचं चित्रण करावं आणि ते आवाज बंद ठेवून बघावं. समोरच्याचं उत्तर ऐकताना आपला चेहरा काय करतो, ते तिथंच दिसतं.

कारण यजमानाला उत्तरं येणं हे फारसं महत्त्वाचं नाही. समोरच्या माणसाला काहीतरी येतं, हे चारचौघांत दिसू देणं हे त्याचं काम.

त्या रात्री मुलीनं चौकोन उचलला. "काळी नदीचा उगम कुठं? अणशी, उळवी, डिग्गी की कुळगी?" घंटा वाजायच्या आधीच मागून, खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे ओरडले, "डिग्गी!" मंडपात हशा. पोरं चिडली, प्रश्न वाया गेला म्हणून. पंचांनी हात वर केला. मुलगी मात्र वायर ओढत ओढत थेट मागं गेली, माइक त्यांच्या हनुवटीखाली चार बोटांवर धरला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही बघितलाय तो?"

म्हाताऱ्यांनी बघितला होता. लहानपणी गुरांमागं जाताना. पाणी कसं दगडातून झिरपतं, उन्हाळ्यात त्याला कसा गारवा असतो, हे ते सांगत राहिले आणि मंडपात कुणी हललं नाही. मुलीनं मध्ये एकही शब्द टाकला नाही. त्यांचं बोलणं संपल्यावर तिनं टाळ्या घेतल्या, परत पुढं आली आणि तिन्ही संघांना बदली प्रश्न दिला. करवंट्या पहिल्या वाजल्या.