जंतू ओळखला, वाट चुकली

जंतुशास्त्राची आपल्याला शाळेपासून सांगितली जाणारी गोष्ट सरळ असते. रोग होता, कारण अज्ञात होते, कुणा शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कोडे सुटले. मुंबईतला १८९६ चा प्लेग या गोष्टीत बसत नाही. प्लेगचा जंतू त्याआधी दोन वर्षे, जून १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिनने शोधला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये गोव्यातल्या हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीतल्या रुग्णांत प्लेगचे निदान केले, आणि तेही बरोबर होते. म्हणजे साथ दारात आली तेव्हा वैरी अनोळखी नव्हता. तरीही पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानात कोटीभर माणसे या रोगाने गेली. याचे एक मोठे कारण असे की, जंतू ओळखणे म्हणजे रोग समजणे नव्हे. तो माणसापर्यंत कोणत्या वाटेने येतो हे कळेपर्यंत ओळख अर्धीच राहते, आणि या अर्ध्या ओळखीच्या बळावर सरकारने जे केले त्यातले बरेच व्यर्थ आणि काही घातक होते.

मुंबईची गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली गेली. घरांच्या जमिनी उकरल्या, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले काढली, चीजवस्तू जाळल्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, आगगाडीच्या स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हे प्रकरण आपण अपमानाच्या अंगाने वाचतो आणि ते योग्यच आहे. पण त्याला शास्त्राचेही एक अंग आहे, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. गाठीच्या प्लेगचा रोगी शेजारी बसलेल्याला सहसा रोग देत नाही. ज्याला फरफटत नेले जात होते त्याच्याकडून धोका थोडा होता. धोका भिंतीच्या बिळात होता, आणि गटारे धुतल्याने तिथले उंदीर कदाचित आणखी दूरवर पांगले असतील.

बिळापर्यंत पहिला पोचला पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर. जून १८९८ मध्ये कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, त्याने पिसवा असलेला आजारी उंदीर काचेच्या बरणीत ठेवला आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते, पिसवांना मात्र उडी मारता येत होती. काही दिवसांत वरचा उंदीर प्लेगने मेला. प्रयोग इतका स्वच्छ असूनही सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने तो झटकून टाकला. पुढे मुंबईत कॅप्टन ग्लेन लिस्टनने चाळीतल्या खोल्यांत गिनीपिग सोडून पिसवा गोळा केल्या. उंदीर मेल्यावर त्याच्या पिसवा उपाशी पडून दुसऱ्या रक्ताकडे वळतात, हे त्याने १९०५ मध्ये मांडले. त्यानंतर परळच्या प्रयोगशाळेत याच धर्तीचे प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाले. जमिनीलगत ठेवलेल्या पिंजऱ्यातले प्राणी दगावले, पिसवेची उडी पोचणार नाही इतके उंच टांगलेले वाचले. नेमकी यंत्रणा १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये बेकट आणि मार्टिन यांना दिसली. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जंतू वाढून बूच बसते. प्यायलेले रक्त पोटात उतरत नाही, भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि दर वेळी अडलेले रक्त जंतूंसकट जखमेत ओकते. जंतू पिसवेला उपाशी मारतो आणि तिच्या भुकेवरच पसरतो.

यावर पहिला आक्षेप वाल्देमार हाफकिनचे नाव घेऊन येईल. पिसवेचा पत्ता नसताना त्याने लस केलीच ना? केली, आणि अफाट झपाट्याने केली. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून जंतू वाढवले, उष्णता देऊन मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. न टोचलेल्या कैद्यांत बारा आजारी पडून सहा दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, दगावला कुणीच नाही. लस बनवायला जंतू हाती असणे पुरते, हे मी मान्य करतो. पण या लसीचे संरक्षण काही महिन्यांचे, त्यात टोचल्यावर येणारा ताप, आणि घरातले उंदीर व पिसवा जागच्या जागी. लसीने माणूस सावरला, साथीचा उगम तसाच राहिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९१०-११ मध्ये मांचुरियात साठेक हजार माणसे प्लेगने मेली आणि तिथे ना उंदीर महत्त्वाचा ठरला ना पिसू. तो फुफ्फुसाचा प्लेग होता, खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जाणारा. वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरने कापसाचा आणि जाळीदार कापडाचा मुखपट्टा बांधण्याचा आग्रह धरला. मेस्नी नावाच्या फ्रेंच डॉक्टरने तो धुडकावला आणि काही दिवसांत तो स्वतःच गेला. तेव्हा विलगीकरण चूक होते असे सरसकट कसे म्हणणार? तसे म्हणायचेच नाही. पुण्यात ज्या उपायाने फारसे साधले नाही, त्याच जातीच्या उपायाने मांचुरियातल्या हार्बिनमध्ये साथ आटोक्यात आली. जंतू दोन्हीकडे एकच होता, बदलली होती वाट. ही वाट काळाबरोबरही बदलली आहे. २०१५ मध्ये कांस्ययुगीन सांगाड्यांच्या दातांतून मिळालेल्या प्लेगच्या जंतूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सर्वांत जुन्या जंतूंत पिसवेच्या पोटात तग धरायला लागणारे जनुकच नव्हते. रोग जुना आहे, पिसवेची सोबत त्याला नंतर मिळाली.

तिसरा बचाव असा की, त्या काळी एवढे कुणाला ठाऊक असणार? लोकांना थोडे ठाऊक होते. ‘उंदीर पडू लागले’ की गाव सोडायचे, माळावर झोपड्या घालायच्या, ही रीत प्रयोगशाळेतून आलेली नव्हती. कारण त्यांना सांगता येत नव्हते, उपाय मात्र अचूक होता. साहेबांच्या कागदांतही मेलेल्या उंदरांच्या नोंदी होत्या. त्यांचा अर्थ लावण्याऐवजी रोगाला गरिबांच्या घाणीत शोधणे सोयीचे वाटले, हा दोष अज्ञानाचा कमी आणि पूर्वग्रहाचा जास्त.

१९९४ मध्ये प्लेगच्या या दोन्ही वाटा, पिसवेची आणि खोकल्याची, पुन्हा दिसल्या. किल्लारीच्या भूकंपानंतर पडक्या, सोडून दिलेल्या घरांत धान्य राहिले, उंदीर माजले आणि बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला. काही आठवड्यांनी सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. निदानावर पुढे वाद झाला, पण तोवर लाखो लोक शहर सोडून गेले होते आणि दुकानांतले टेट्रासायक्लिन संपले होते. गाठीच्या प्लेगच्या गावात आज पाळला जाणारा नियम असा आहे: आधी कीटकनाशक फवारून पिसवा मारायच्या, उंदरांना विष त्यानंतर घालायचे. हा क्रम उलटा केला तर मेलेल्या उंदरांवरच्या उपाशी पिसवा माणसांवर येतात.