डिकीत पाणी येते कोठून?

पावसाळा सुरू झाला की गॅरेजात एक तक्रार हमखास येते : "डिकीत पाणी साचते." पुष्कळांना ही बाब किरकोळ वाटते. परंतु आठवडी बाजारासाठी कापडाचे गठ्ठे डिकीत भरून नेणाऱ्या व्यापाऱ्याचा माल एका रात्रीच्या पावसात खराब होतो. शिवाय स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी राहिले की पत्रा गंजतो, वायरींच्या जोडांवर हिरवट थर चढतो आणि मागचे दिवे बंद पडू लागतात. म्हणून गळती शोधण्याची रीत आम्ही येथे देत आहोत.

पहिली गोष्ट ही की, पाणी जेथे दिसते तेथूनच ते आत आलेले असते असे नाही. ते पत्र्याच्या घडीतून वाहत जाऊन सर्वांत खोल जागी साचते. तेव्हा स्टेपनी, गालिचा आणि बाजूचे पुठ्ठे काढून आतील भाग कोरडा पुसावा. सांध्यांवर खडूची किंवा टाल्कम पावडरची भुकटी भुरभुरावी. पाणी आले की भुकटीत ओघळ उमटतो व वाट कळते.

नंतर डिकी बंद करावी. मागच्या सीटची पाठ पाडून एकाने बॅटरीच्या उजेडात आत पाहावे, दुसऱ्याने बाहेरून पाइपाने हलके पाणी सोडावे. जोराची धार मारू नये. ती चांगल्या रबरातूनही आत शिरते आणि फसगत होते. सुरुवात खालून करावी. वरून केली तर पाणी सगळ्याच जोडांवरून ओघळते व नेमकी जागा समजत नाही. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटे थांबून मगच वर सरकावे.

मागच्या दिव्यांचे गॅस्केट, डिकीच्या कडेचे रबर, पन्हळीतील पत्र्याचे सांधे, मागच्या काचेची खालची कड, वायरी आत जातात तेथील रबरी बूच आणि बंपरमागील हवेच्या झडपा या जागा विशेष तपासाव्यात. रबराची परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी मध्ये धरून डिकी लावावी आणि पट्टी ओढावी. ती सहज निघाली तर तेथे दाब कमी आहे. अशा वेळी रबर बदलण्याआधी कुलपाचा खटका व बिजागऱ्या नीट बसवून पाहाव्यात. मागून ठोकर बसलेल्या गाडीत पत्राच वाकलेला असू शकतो. तेथे नवे रबर घालून उपयोग नाही.

गॅस्केट कडक झाले असेल तर बदलावे. उघडलेला सांधा खरवडून, गंज काढून, प्रायमर लावून मगच त्यात पॉलियुरेथेन सीलंट भरावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन उघड्या पत्र्यावर लावू नये. त्यातील आम्लाने पत्रा गंजतो. पाणी निघून जावे म्हणून तळाला भोक पाडण्याची युक्तीही वाईट. त्याच भोकातून रस्त्याचे पाणी वर येते.

डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिच्या बोल्टांसाठी पाडलेली भोकेही पाहावीत. मात्र टाकी, तिची पकड आणि गॅस बाहेर नेणारी नळी यांना आपण हात लावू नये. ते काम अधिकृत केंद्राकडेच द्यावे.

कारागीर बांधवांना एकच सांगणे आहे. गळती न शोधता सगळीकडे सीलंट फासून दिले तर पहिल्या मोठ्या पावसात गिऱ्हाईक परत येते, आणि या वेळी ते भांडायला येते. सीलंट पूर्ण वाळल्यावर गिऱ्हाइकासमोर पुन्हा पाणी सोडून दाखवावे आणि मगच मजुरी घ्यावी. कोरडी डिकी त्याने स्वतःच्या हाताने चाचपली की पुढचे चार गिऱ्हाईक तोच घेऊन येतो.