गुगलचा पेपर, मावशीची चकली

लिंक्डइनवर एक चक्कर मारा. इंजिनीअर असो, एमबीए असो की साधा बी.कॉम., नावाखाली ‘गुगल अ‍ॅड्स सर्टिफाइड’ लिहिलेलं कुणीतरी हमखास भेटणारच. एके काळी बायोडेटात एमएस-सीआयटीची ओळ असायची ना, तिची जागा आता हिने घेतलीय. पेपर फुकट. तोही घरबसल्या, नाइट ड्रेसमध्ये, चहाचा कप शेजारी ठेवून देता येतो. मग या ओळीला वजन किती? आणि नोकरी देणारे ती मागतात तरी का?

मी हा पेपर काही हौसेने दिला नाही. एका छोट्या जाहिरात एजन्सीत मी कॉपी लिहायचे. पेपरातल्या जाहिराती, होर्डिंग्ज, ब्रोशर्स. हळूहळू ती कामं आटत गेली आणि एका सोमवारी साहेबांनी आम्हा चौघांना केबिनमध्ये बोलावलं. “पुढच्या महिन्यापासून कॉपीला दोघंच. परफॉर्मन्स टीममध्ये एक जागा आहे, पण तिथे सर्टिफिकेट लागतं.” चार माणसं, तीन खुर्च्या. बेरीज-वजाबाकी कुणालाच समजावून सांगावी लागली नाही. फ्लॅटच्या भाड्यातला माझा वाटा दर पाच तारखेला जाणार म्हणजे जाणारच होता. त्याच रात्री लॉग-इन केलं.

टिचकीचे पैसे

पे-पर-क्लिक म्हणजे काय? होर्डिंग लावलं की कुणी बघो न बघो, भाडं भरावंच लागतं. इथे जाहिरात नुसती दिसली तर पैसे नाहीत, कुणी तिच्यावर क्लिक केलं तरच. १९९८ साली अमेरिकेतल्या गोटू डॉट कॉम या सर्च इंजिनने ही कल्पना चालवून दाखवली. ज्याची बोली मोठी, त्याचं नाव वर. इतका सरळ लिलाव!

गुगलने ऑक्टोबर २००० मध्ये अ‍ॅडवर्ड्स सुरू केलं. तेव्हा आपण सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मेल चेक करत होतो. २००२ मध्ये गुगलही क्लिकच्या हिशेबावर आलं, पण त्यांनी एक मेख मारून ठेवली. नुसता पैसा बघायचा नाही, लोक त्या जाहिरातीवर क्लिक करतात का, तेही बघायचं. त्यामुळे २० रुपयांची बोली लावणारा खाली आणि १२ रुपयेवाला वर, असं आजही होऊ शकतं. जाहिरात शोधणाऱ्याच्या कामाची हवी, क्लिक केल्यावर उघडणारं पान धड हवं. या सगळ्याचा १ ते १० मधला एक अंदाज अकाउंटमध्ये दिसतो, त्याला क्वालिटी स्कोअर म्हणतात. पेपरात यावर प्रश्न हमखास येतात.

पेपरचा इतिहासही मजेशीर आहे. २००४ मध्ये ‘गुगल अ‍ॅडव्हर्टायझिंग प्रोफेशनल्स’ नावाने हा प्रकार सुरू झाला तेव्हा परीक्षेला ५० डॉलर मोजावे लागायचे. २०१३ पासून तो फुकट झाला. २०१८ मध्ये अ‍ॅडवर्ड्सचं नाव गुगल अ‍ॅड्स झालं आणि आता सगळा अभ्यास आणि परीक्षा ‘स्किलशॉप’ या त्यांच्याच साइटवर असते. सर्च, डिस्प्ले, व्हिडिओ असे वेगवेगळे पेपर आहेत. मी सर्चचा दिला. साधारण ५० प्रश्न, ७५ मिनिटं, पास व्हायला ८० टक्के. नापास झालात तर एक दिवस थांबून पुन्हा बसा. सर्टिफिकेट टिकतं एक वर्ष. आणि या फुकटच्या परीक्षेची ‘गॅरंटीड तयारी’ करून द्यायला हजारोंची फी घेणारे क्लासही आहेत बरं का!

कंपनीला काय त्याचं?

हे मला नंतर कळलं. एजन्सीला गुगलचा ‘पार्टनर’ बॅज हवा असेल तर तीन गोष्टी लागतात. क्लायंट्सचा ठरावीक खर्च, अकाउंट्सचा ठरावीक ‘ऑप्टिमायझेशन स्कोअर’ आणि सर्टिफाइड माणसं. साधारणपणे अकाउंट सांभाळणाऱ्यांपैकी निम्मे तरी सर्टिफाइड लागतात. म्हणजे एचआर तुमच्याकडे सर्टिफिकेट मागतं, त्यात तुमच्या ज्ञानाइतकंच कंपनीच्या बॅजचंही गणित असतं. यात वाईट काही नाही, फक्त माहीत असलेलं बरं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा पेपर काढणारा आणि जाहिरातीची जागा विकणारा एकच आहे. साहजिकच अभ्यासक्रमाचा कल एका बाजूला झुकलेला असतो. बोली मशीनवर सोडा, कीवर्ड सैल ठेवा, बजेट वाढवा. पेपरात ही उत्तरं मार्क मिळवून देतात. खऱ्या अकाउंटमध्ये ती कधी बरोबर असतात, कधी नसतात. कधी नसतात, हे मला मावशीने शिकवलं.

मावशीचे चारशे रुपये

माझी मावशी कोथरूडला घरगुती फराळ करते. दिवाळीआधी सहा आठवडे तिच्या स्वयंपाकघराचा कारखाना होतो. कुण्या ओळखीच्या मुलाने तिला गुगलवर जाहिरात लावून दिली होती, रोजचं बजेट ४०० रुपये. पैसे जात होते, ऑर्डरी मात्र येत नव्हत्या. अभ्यासाला खरं अकाउंट हवंच होतं, मी ते मागून घेतलं.

“बघ बाई,” मावशी म्हणाली, “चारशे रुपयांत माझी दोन किलो भाजणी होते. रोजची दोन किलो भाजणी जाते कुठे, तेवढं सांग.”

गुगल अ‍ॅड्समध्ये ‘सर्च टर्म्स’ नावाचा रिपोर्ट असतो. लोकांनी नेमकं काय टाइप केल्यावर तुमची जाहिरात दिसली, ते त्यात कळतं. मावशीच्या अकाउंटला ‘चकली’ हा शब्द ‘ब्रॉड मॅच’वर लावलेला होता. म्हणजे चकलीच्या आसपासचं काहीही चालेल. रिपोर्टमध्ये ओळीने दिसलं, ‘चकली रेसिपी’, ‘चकली मऊ का पडते’, ‘चकलीचा सोऱ्या प्राइस’, ‘भाजणी प्रमाण’. ऑर्डर देणारं गिऱ्हाईक या गर्दीत शोधावं लागत होतं.

मावशीला वाचून दाखवलं. ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या पैशाने मी लोकांना चकली करायला शिकवत होते?”

‘निगेटिव्ह कीवर्ड’ची याहून सोपी व्याख्या मला कुठल्याच मॉड्यूलमध्ये सापडली नाही. रेसिपी, प्रमाण, सोऱ्या, मशीन, फोटो, जॉब हे शब्द निगेटिव्हमध्ये टाकले. ‘फराळ ऑर्डर’, ‘चकली होम डिलिव्हरी’ अशा शब्दांना ‘फ्रेज’ आणि ‘एक्झॅक्ट’ मॅच लावले. जाहिरात पुण्यापुरती ठेवली. हे सगळं पेपराच्या अभ्यासात आहे. फक्त तिथे ते एका पर्यायाचं उत्तर असतं, इथे ती दोन किलो भाजणी असते.

मग कागदावर हिशेब मांडला. तोही तुम्ही मांडाच. समजा, एका क्लिकला ८ रुपये पडतात. ४०० रुपयांत ५० क्लिक. शंभरात दोघं ऑर्डर देतात, म्हणजे ५० मध्ये एक. ऑर्डर ९०० ची, त्यात सुटणार २७०. घातले ४००, आले २७०, रोजचे १३० रुपये खिशातून. आता रेसिपीवाले वगळल्यावर शंभरात चौघं ऑर्डर देऊ लागले तर दोन ऑर्डरी, ५४० रुपये. १४० सुटले! बजेट तेच, क्लिक तेवढेच. ‘माझ्या धंद्याला एक क्लिक किती रुपयांपर्यंत परवडतो?’ हा प्रश्न मला पेपरात आला नाही. क्लायंटचा पहिला प्रश्न मात्र तोच असतो.

गंमत म्हणजे अकाउंटचा ऑप्टिमायझेशन स्कोअर वाढवायला गुगल ‘रेकमेंडेशन्स’ देत राहतं. मावशीला सुचवलेलं होतं, बजेट वाढवा, ब्रॉड मॅच वापरा. अशी सूचना पटली नाही तर ‘डिसमिस’ करता येते आणि डिसमिस केली तरी स्कोअर वाढतो. शिवाय या स्कोअरचा तुमच्या जाहिरातीच्या क्रमांकाशी थेट संबंध नसतो. त्यामुळे तो लाल-पिवळा आकडा बघून दचकायचं कारण नाही. वाचा, विचार करा, मगच ‘अप्लाय’ दाबा.

एकच प्रश्न

मला ८६ टक्के पडले. आमच्यातल्या एका मित्राला ९६. तो माझ्यापेक्षा सरस कॉपी लिहायचा आणि सर्टिफिकेटही त्याने माझ्या आधी आणलं होतं. मात्र त्याने नेटवर फिरणारी तयार प्रश्नोत्तरं पाठ केली होती. हे त्याने लपवलंही नाही, सगळेच करतात म्हणाला.

परफॉर्मन्स टीमच्या मॅनेजरने आम्हा दोघांनाही एकच प्रश्न विचारला. “क्लायंटचं रोजचं बजेट ४००. काल ७६० गेले. सकाळी साडेसातला फोन आलाय. काय सांगाल?”

साडेसातचा तो फोन मला मावशीने आधीच केला होता. रोजचं बजेट ही सरासरी असते. एखाद्या दिवशी गुगल त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, पण महिनाभर तेच बजेट ठेवलं तर एकूण खर्च त्याच्या ३०.४ पटीच्या वर जात नाही. म्हणजे ४०० चे १२,१६० रुपये. हे सांगितलं आणि पुढे म्हटलं, “पण सर, हे क्लायंटला पहिल्याच दिवशी सांगायचं असतं. साडेसातच्या फोनवर नाही.”

जागा मला मिळाली. कॉपीला दोघं राहिले, तो मित्र गेला. चार महिन्यांनी त्याला दुसरीकडे काम मिळालं आणि आम्ही अजूनही भेटतो. पण त्या सोमवारी त्याच्या हातातही तेच सर्टिफिकेट होतं, हे मी विसरत नाही. दारापर्यंत आम्हा दोघांनाही त्यानेच नेलं. पुढचा प्रश्न पैशांचा होता.

तुम्हीही बसताय?

* क्लासला पैसे भरण्याआधी स्किलशॉपवरचं फुकटचं मटेरियल पूर्ण वाचा.
* काका, शेजारी, जिममधला ट्रेनर, कुणाचंही छोटं अकाउंट सांभाळायला मागा. त्यांच्या परवानगीने आणि ठरलेल्या बजेटमध्येच!
* सर्च टर्म्स रिपोर्ट रोज उघडा. सकाळच्या पेपरसारखा.
* कन्व्हर्जन ट्रॅकिंग आधी लावा. ऑर्डर कुठल्या क्लिकमधून आली हेच कळत नसेल, तर बाकी सगळे आकडे नुसते बघायला छान.
* इंटरव्ह्यूला जाताना टक्के सांगू नका. कुणाचे किती रुपये वाचवले, ते सांगा.

आणि हो, रिन्यूअलची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका. वर्ष भुर्रकन जातं, दिवाळी तर त्याहून लवकर येते. ऑल द बेस्ट!