होम थिएटर: आवाज मोठा, संवाद मात्र हरवलेले

पडद्यावरची कुजबुज कळावी म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच प्रसंगातील स्फोटाने खिडक्यांची तावदाने थरथरतात. होम थिएटर घेतलेल्या अनेक घरांत रिमोट म्हणूनच हातातून सुटत नाही. दोष बहुधा स्पीकरच्या दर्जाचा नसतो. निरनिराळ्या दिशांनी येणाऱ्या आवाजांची पातळी जुळवण्याचे काम राहून गेलेले असते.

५.१ पद्धतीत समोर तीन स्पीकर, बाजूला वा मागे दोन सराउंड आणि खर्जासाठी सबवूफर असतो. चित्रपटातील बहुतेक संवाद समोरच्या मधल्या स्पीकरमधून येतात आणि नेमका तोच टीव्हीखालच्या कपाटात कोंबलेला असतो. सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला असल्यास सराउंड अगदी कानाशी येतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींच्या परावर्तनामुळे ही घट कमी असते, तरी जवळचा स्पीकर वरचढ ठरतोच.

उपाय रिसीव्हरच्या मेनूमध्येच असतो. तेथील ‘टेस्ट टोन’ सुरू केला की प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने एकसारखी खरखर ऐकू येते. पंखा बंद करून, नेहमीच्या आसनावर कानाच्या उंचीला ध्वनिमापक धरावा. तो ‘सी’ श्रेणी व ‘स्लो’वर ठेवून प्रत्येक स्पीकरची पातळी ७५ डेसिबलवर आणावी. चित्रपटगृहात पडद्यामागील प्रत्येक स्पीकरसाठी संदर्भपातळी ८५ डेसिबल असते; घरगुती रिसीव्हरमधील चाचणीध्वनी सहसा १० डेसिबलने खालचा ठेवलेला असतो, म्हणून हा आकडा. मोबाइलमधील मापक अ‍ॅपचा आकडा काटेकोर नसेल, पण येथे तुलना महत्त्वाची असल्याने पाच स्पीकरपुरते त्यावर भागते. सबवूफरसाठी मात्र त्यावर विसंबू नये. मोबाइलचा मायक्रोफोन खर्ज पुरेसा टिपत नाही.

सबवूफरचे प्रकरण एकूणच अवघड. कोपऱ्यात ठेवल्यास त्याचा घुमारा वाढतो, मापकाचा आकडाही स्थिर राहत नाही. तेव्हा सरासरी धरावी लागते. शिवाय खर्ज भिंती सहज ओलांडतो. सदनिकांमधील तक्रारी बहुतांशी त्याच्याच असतात.

काही रिसीव्हरसोबत मायक्रोफोन येतो आणि ही जुळणी आपोआप होते. तरीही एकदा मोजून पाहिलेले बरे. जुळणी झाल्यावर मागचे स्पीकर ‘वाजतच नाहीत’ असे वाटून ते वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. पैसे मोजलेले असतात, तेव्हा ते साहजिकही आहे! परंतु त्यांचे काम बहुतेक वेळ वातावरण निर्माण करण्याचे असते, लक्ष वेधण्याचे नव्हे. संवाद तरीही अस्पष्ट वाटत असतील, तर मधला स्पीकर २-३ डेसिबलने वाढवण्यास हरकत नाही. रात्री उशिरा चित्रपट पाहायचा असल्यास ‘नाइट मोड’ सुरू करावा; त्याने मोठ्या व लहान आवाजांतील अंतर कमी होते. सोफा वा स्पीकर हलवला, की मोजणी पुन्हा करावी लागते.